ट्रॉम्बेची ऊब

२०२३ साली गणपती १९ सप्टेंबरला बसले. आमच्या सोसायटीच्या मंडळात त्या वर्षी दुसऱ्या कुठल्या देखाव्याचा विचार कोणाच्या मनातही आला नाही. पुठ्ठ्याचा चंद्र, त्यावर सोनेरी कागदात गुंडाळलेला विक्रम आणि दोऱ्याने पुढेमागे ओढता येणारी प्रज्ञान गाडी. खरा विक्रम तेव्हा चंद्रावर निजलेला होता. २३ ऑगस्टला तो दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरला, जेमतेम दोन आठवडे त्याने काम केले आणि तिथे रात्र पडण्याआधी शास्त्रज्ञांनी त्याला झोपवले. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची असते. २२ तारखेला तिथे पुन्हा ऊन आले, बंगळुरूहून हाका गेल्या, पण विक्रमने ओ दिली नाही. आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत मुलांचा एकच प्रश्न होता. ऊन आले ना, मग तो उठत का नाही?

थंडी, हे त्याचे उत्तर. तिथल्या रात्री पारा शून्याखाली दोनशे अंशांच्या आसपास जातो. उन्हावर चालणाऱ्या यंत्राला ऊन नसताना स्वतःची ऊब टिकवता येत नाही, त्याच्या बॅटऱ्या आणि नाजूक जोडण्या त्या गारठ्यात निकामी होतात. पुढे डिसेंबरात एक छोटीशी बातमी वाचली. विक्रमला चंद्रापर्यंत वाहून नेणारा जो भाग होता, त्याच्यावर दोन इवल्याशा शेगड्या बसवलेल्या होत्या. प्रत्येकीची उष्णता एक वॅट. त्यांना तार नाही, बटण नाही, ऊन लागत नाही. आत किरणोत्सारी द्रव्य असते आणि ते आपोआप गरम राहते. त्या मुंबईत, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बनवलेल्या होत्या. वजनाच्या हिशेबात न बसल्यामुळे त्या विक्रमवर नव्हत्या, प्रज्ञानवरही नव्हत्या.

विक्रम हे नाव विक्रम साराभाईंचे. ट्रॉम्बेचे केंद्र होमी भाभांच्या नावाचे. ही दोन माणसे एकमेकांना चांगली ओळखत होती. आपला अवकाश कार्यक्रम जन्मला तोच मुळी अणुऊर्जेच्या घरात, आणि त्या घराचे कर्ते भाभा होते. ती बातमी वाचली तेव्हापासून त्यांच्या आयुष्याकडे मी जरा वेगळ्या बाजूने पाहू लागलो.

माझा आणि ट्रॉम्बेचा संबंध इतकाच की नोकरीची काही वर्षे मी चेंबूर बाजूच्या एका शाखेत काढली. महिनाअखेरीला केंद्रातल्या लोकांची काउंटरवर गर्दी व्हायची. साधी माणसे, हिशेबाला चोख. घरासाठी कर्ज मागायला येत तेव्हा पगारपत्रक, हमीदार, सगळे बयाजवार. फक्त अर्जात कामाचे स्वरूप या रकान्यापाशी पेन थांबायचे आणि मग तिथे नुसते वैज्ञानिक असे लिहिले जायचे. मीही कधी जास्त विचारले नाही.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. वडील जहांगीर बॅरिस्टर. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी. आत्या मेहरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी. तेव्हा मुलाने काय व्हायचे हे मुलाला विचारण्याआधीच ठरले होते. केंब्रिजला जायचे, यंत्रविद्येचे शिक्षण घ्यायचे आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचे. १९२७ साली अठराव्या वर्षी होमी केंब्रिजला गेला तो याच वाटेने. घरात पुस्तके होती, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या, चित्रकलेचे वेड होते. पोलादाची ओढ मात्र नव्हती.

केंब्रिजमध्ये त्या काळी पदार्थविज्ञानात उलथापालथ चालली होती. डिरॅक तिथेच शिकवत होते. तरुण होमीने वडिलांना कळवले की आपला पिंड कारखान्याचा नाही, आपल्याला पदार्थविज्ञानच करायचे आहे. बॅरिस्टर वडिलांनी ना होकार दिला ना नकार. त्यांनी अट घातली. आधी यंत्रविद्येची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग गणिताच्या शिक्षणाचा खर्च मी करीन. बँकेत याला सशर्त मंजुरी म्हणतात, आणि माझ्या अनुभवात अशा मंजुऱ्यांतली निम्मी कर्जे उचललीच जात नाहीत, कारण अट पुरी होत नाही. होमीने १९३० मध्ये पहिला वर्ग आणून दाखवला आणि वडिलांनी शब्द पाळला. पुढे अणुभट्टीच्या नळ्या, पंप, काँक्रीट यांवर जो माणूस अधिकाराने बोलू शकला, तो या अटीमुळेच, असे मला नेहमी वाटते. नुसता सिद्धान्त मांडणारा पंडित ट्रॉम्बे उभे करू शकला नसता.

भाभांनी संशोधनाला विषय घेतला तो विश्वकिरणांचा. हा विषय समजून घेतल्याशिवाय अणू आणि अवकाश यांची गाठ कुठे पडली ते कळणार नाही. आपल्या डोक्यावर आकाशातून अहोरात्र अतिवेगवान कणांचा मारा चालू असतो. बाहेरून आलेला एखादा जोरकस कण हवेतल्या अणूवर आदळतो, त्यातून नवे कण निघतात, ते पुढे आदळतात, आणखी निघतात आणि जमिनीपर्यंत येईतो कणांची सर पडते. भाभा आणि जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये या सरीचे गणित मांडले. मला ते समजले ते रोखपालाच्या रीतीने. हजाराची नोट मोडली की पाचशेच्या दोन, त्या मोडल्या की शंभराच्या दहा, त्याही मोडल्या की दहाच्या शंभर. नोटांची संख्या वाढत जाते, रक्कम तीच. शेवटी चिल्लर इतकी बारीक होते की पुढे मोडच मिळत नाही आणि तिथे सर संपते. एकाच मोठ्या कणाच्या ऊर्जेची अशी मोड कशी होत जाते, हे त्या दोघांनी दाखवले.

त्या काळात कणांना प्रचंड वेग देणारी आजच्यासारखी अवाढव्य यंत्रे नव्हती. अणूच्या अंतरंगात डोकवायचे तर आकाशातून फुकट येणारे हे कणच पकडायचे. म्हणजे अणूचा अभ्यास करणाऱ्याला मान वर करूनच पाहावे लागे. अणू आणि अवकाश ही दोन खाती नंतर सरकारदरबारी झाली. भाभांच्या वहीत ते एकच पान होते.

१९३९ मध्ये ते सुटीत हिंदुस्थानात आले आणि युरोपात महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन होते, तिथे भाभांची सोय झाली. काही महिन्यांनी त्याच संस्थेत अहमदाबादच्या गिरणीमालकांचा एक मुलगा दाखल झाला. तोही केंब्रिजहून युद्धामुळेच परतलेला, भाभांपेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि त्याचाही विषय विश्वकिरण. हे विक्रम साराभाई. दोघेही श्रीमंताघरचे, दोघांनाही कलांची जाण, दोघांनाही वाटेल त्या माणसाशी बोलून त्याला आपल्या कामात ओढण्याची विद्या अवगत. युद्ध झाले नसते तर दोघेही कदाचित इंग्लंडातच रमले असते. १९४१ मध्ये, बत्तिसावे वर्ष पुरे होण्याआधी, भाभा रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

बंगळुरूत त्यांच्या मनात एक पालट झाला. परत जाण्याऐवजी इथेच उत्तम दर्जाची शाळा काढावी, असे त्यांना वाटू लागले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहिले. मूलभूत पदार्थविज्ञानाची संस्था हवी, आणि पुढे एक-दोन दशकांत अणुशक्तीचा वीज काढण्यासाठी यशस्वी वापर होईल तेव्हा देशाला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असा त्याचा मतलब. हिरोशिमाला अजून सतरा महिने अवकाश होता. अणूतून शक्ती निघेल हे जगातल्या बहुतेकांना ठाऊकही नव्हते. मी हजारो कर्जप्रस्ताव वाचले आहेत. त्यांत उद्या बाजारात काय खपेल हे सांगणारे पुष्कळ असतात. वीस वर्षांनी कोणती माणसे लागतील ते सांगून त्या माणसांसाठी पैसे मागणारा प्रस्ताव माझ्या टेबलावर एकदाही आला नाही. निधी आत्याच्या यजमानांच्या नावाचा होता हे खरे. पण नात्याने पत्र वाचले जाते, मंजुरी मिळतेच असे नाही. इथे मिळाली, आणि मुंबई सरकारनेही हात दिला.

१ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळुरूत सुरू झाली. वर्षअखेर ती मुंबईत आली ती पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात. भाभांचा जन्मही तिथलाच असे सांगतात. पुढे गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी. त्या इमारतीवर भाभांचा जीव होता. दर्शनी भिंतीवर हुसेन यांचे भव्य चित्र, बागेची आखणी स्वतःच्या देखरेखीखाली, आड येणारी झाडे तोडायची नाहीत तर मुळासकट उचलून दुसरीकडे लावायची. रामन यांनी त्यांची तुलना लिओनार्दो दा विंचीशी केली होती. रामन कौतुकाच्या बाबतीत फारसे सढळ नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची किंमत कळते.

संस्थेतले शास्त्रज्ञ फुग्यांना उपकरणे बांधून आकाशात सोडत. पुढे पुढे प्लास्टिकचे प्रचंड फुगे इथेच बनू लागले. वातावरणाच्या जवळजवळ माथ्यावर जाऊन विश्वकिरण मोडण्याआधीच पकडायचे, हा त्यातला हेतू. पृथ्वीचे चुंबकत्व विषुववृत्ताजवळ कमजोर कणांना अडवून धरते आणि फक्त दमदार कण आत येतात. तेव्हा दक्षिण भारताचे आकाश ही या अभ्यासासाठी आयती चाळणी होती. देशाकडे पैसा नव्हता, पण हे आकाश होते. रॉकेट पुष्कळ पुढे आले. अवकाशाच्या उंबऱ्यापर्यंत आपण पहिल्यांदा गेलो ते या फुग्यांनी.

स्वातंत्र्यानंतरचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे म्हणून तो भरभर सांगतो. ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग, अध्यक्ष भाभा. १९५४ मध्ये ट्रॉम्बेचे केंद्र आणि थेट पंतप्रधानांच्या हाताखालचे अणुऊर्जा खाते, सचिव भाभाच. या खात्याचे मुख्यालय दिल्लीत नाही, मुंबईत ठेवले गेले आणि आजही ते मुंबईतच आहे. सरकारी कारभार ज्याने जवळून पाहिला आहे त्याला कळेल की अणू फोडण्यापेक्षा हे काम सोपे नव्हते.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला पहिली अणुभट्टी चालू झाली. पाण्याच्या खोल हौदात बुडवलेली, निळसर प्रकाश देणारी. नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिले. युरेनियमचे इंधन ब्रिटनकडून आले, पण भट्टीचा आराखडा, नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे, हौदाचे बांधकाम हे सारे इथले. भाभांचा आग्रह वस्तूपेक्षा माणसांवर होता. १९५७ मध्ये ट्रॉम्बेला प्रशिक्षण शाळा निघाली आणि दरवर्षी नव्या पदवीधरांची तुकडी बाहेर पडू लागली. अचूक जोडकाम, निर्वात पोकळीची तंत्रे, किरणोत्सारी द्रव्य लांबून हाताळण्याची यंत्रे, शुद्ध धातू, भरवशाची इलेक्ट्रॉनिक्स हे सगळे भट्टीला लागते, आणि अवकाशात जायचे म्हटले तरी जवळपास हीच यादी लागते.

१९५७ मध्ये स्पुटनिक वर गेला, १९६१ च्या एप्रिलमध्ये गागारिन. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारत सरकारने अवकाश संशोधनाचे काम अणुऊर्जा खात्याकडे सोपवले. वेगळे खाते काढले नाही. नवे खाते म्हणजे नवे सचिव, नवी फाइल, नवी कुरकुर. भाभांकडे चालते खाते होते, त्याला पंतप्रधानांचा विश्वास होता आणि खर्चाची मोकळीक होती. पण सूत्रे त्यांनी स्वतःकडे ठेवली नाहीत. १९६२ मध्ये राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती नेमली गेली, अध्यक्ष साराभाई. हातात सगळे असताना दुसऱ्या कर्तबगार माणसाला बोलावून एक अख्खी शाखा त्याच्या नावावर करायची, हे मोठ्या माणसांना क्वचित जमते. आमच्याकडे साधा विभागीय अधिकारी हाताखालच्याला पाच लाखांचे अधिकार देताना दहा वेळा विचार करायचा.

साराभाईंनी जागा निवडली ती केरळातले थुंबा, तिरुवनंतपुरमजवळचे कोळ्यांचे गाव. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तिथून जाते. गावातले मेरी मॅग्दालिनचे चर्च तिथल्या बिशपांच्या आणि गावकऱ्यांच्या संमतीने मिळाले आणि तेच पहिले कार्यालय झाले. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी तिथून पहिला अग्निबाण उडाला. बाण अमेरिकेचा, त्याच्या डोक्यातली सोडियमची वाफ सोडणारी सामग्री फ्रान्सची, जमीन आणि हात आपले. एक योगायोग पाहा. याच केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मोनाझाइट सापडते, त्यात थोरियम असते, आणि त्याच थोरियमवर भाभांनी देशाच्या अणुविजेची तीन टप्प्यांची योजना रचली होती. अणूचे इंधन आणि अवकाशाची वाट, दोन्ही एकाच किनाऱ्याने दिली.

आता त्या शेगडीकडे येतो. भाभा आणि साराभाई थुंबाची जुळवाजुळव करत होते, त्याच काळात अमेरिकेने अणूच अवकाशात पाठवायला सुरुवात केली होती. जून १९६१ मध्ये ट्रान्झिट नावाचा एक उपग्रह वर गेला, त्याच्यावर प्लुटोनियम-२३८ ची बॅटरी होती. हे प्लुटोनियम बॉम्बचे नव्हे, बॉम्बचे २३९. २३८ चे अणू सतत आपोआप फुटतात आणि त्यांच्या धगीने गोळा तापलेला राहतो. त्या धगीवर वीज बनवता येते, किंवा नुसती ऊब घेता येते. ही अशी ठेव आहे की तिच्यातून क्षणाक्षणाला थोडी रक्कम जाते, पण अर्धी व्हायला सुमारे ८८ वर्षे लागतात. सूर्यापासून दूर, जिथे उन्हावर चालणाऱ्या पट्ट्यांचा उपयोग नाही, तिथे हीच ठेव कामाला येते. एप्रिल १९६५ मध्ये अमेरिकेने खरीखुरी छोटी अणुभट्टीच कक्षेत सोडली. ती ४३ दिवस चालली आणि भट्टीबाहेरच्याच एका विजेच्या बिघाडाने बंद पडली.

त्याच १९६५ च्या शरदात अशीच एक बॅटरी आपल्या हिमालयात आली, आणि तीही चोरपावलांनी. चीनने ऑक्टोबर १९६४ मध्ये अणुस्फोट केला होता. त्यांच्या चाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी अमेरिकी आणि भारतीय गुप्तचर खात्यांनी मिळून नंदादेवीच्या शिखरावर एक यंत्र बसवायचे ठरवले. त्याला वीज देणार होते प्लुटोनियम. हवामान बिघडले, गिर्यारोहकांनी ते यंत्र वाटेत बांधून ठेवले आणि खाली आले. पुढच्या वर्षी वर जाऊन पाहतात तो ते तिथे नव्हते. ते आजतागायत सापडलेले नाही. १९७८ मध्ये ही हकीकत बाहेर फुटली आणि मोरारजी देसाईंना संसदेत निवेदन करावे लागले. गुरू आणि शनीपर्यंत गेलेल्या पायोनियर यानांची वीज याच कुळातल्या बॅटऱ्यांनी पुरवली. जी वस्तू शनीपाशी सुरक्षित पोहोचली, तिचीच बहीण गंगेच्या उगमाच्या प्रदेशात बर्फाखाली हरवली. अणूच्या बाबतीत नुसती स्तुतिस्तोत्रे गाऊन चालत नाही, ती याचसाठी.

भाभांच्याही बाबतीत तेच. १९५५ मध्ये जिनिव्हाला जागतिक अणुपरिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी भाकीत केले की वीस वर्षांत माणूस हायड्रोजनच्या मीलनातून नियंत्रित ऊर्जा मिळवील. सत्तर वर्षे झाली, ती वीज अजून कोणाच्या घरात आलेली नाही. अणुविजेबद्दलचे त्यांचे अंदाजही भलतेच आशावादी ठरले. असे अंदाजपत्रक माझ्यापुढे आले असते तर मी लाल शाईने निम्मे केले असते. मेघनाद साहांसारखा मोठा शास्त्रज्ञ तेव्हाच विचारत होता की सगळा पैसा आणि सगळी हुशार माणसे एका खात्यात, तीही गुप्ततेच्या पडद्याआड गेली, तर विद्यापीठांनी काय करायचे. हा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्या विद्यापीठांतल्या प्रयोगशाळा आज पाहिल्या की साहांची आठवण होते.

११ जानेवारी १९६६ रोजी लालबहादूर शास्त्री ताश्कंदला गेले. २४ जानेवारीला सकाळी एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग विमान जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना माँ ब्लाँच्या पहाडावर आदळले. ११७ माणसे होती, एकही वाचले नाही. त्यांत भाभा होते. व्हिएन्नाला अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघाले होते. वय छप्पन. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींचा पंतप्रधानपदाचा शपथविधी होता. या अपघाताबद्दल घातपाताच्या कथा अजून सांगितल्या जातात, आणि कादंबरीकार म्हणून मला त्यांचा मोह कळतो. चौकशीत निघाले ते इतकेच की विमानातले दिशा दाखवणारे एक उपकरण नादुरुस्त होते, आणि आपण पर्वताच्या नक्की कुठे आहोत याबद्दल वैमानिक आणि जमिनीवरचा नियंत्रक यांच्यात गैरसमज झाला. बाकीच्याला पुरावा नाही.

भाभांनी लग्न केले नव्हते. मलबार हिलवरचे मेहरांगीर हे त्यांचे घर भाऊ जमशेद यांच्यानंतर २०१४ मध्ये लिलावात ३७२ कोटींना विकले गेले आणि पुढे दोन वर्षांनी पाडले गेले. ते राष्ट्रीय स्मारक व्हावे म्हणून ट्रॉम्बेच्या कर्मचाऱ्यांनी बरीच धडपड केली होती. चेंबूरच्या काउंटरवर रांगेत उभी राहणारी तीच माणसे, किंवा त्यांची मुले.

भाभांनंतर अणुऊर्जा आयोगावर साराभाई आले. १९६९ च्या स्वातंत्र्यदिनी इस्रो स्थापन झाली, तीही अणुऊर्जा खात्यातच. ३० डिसेंबर १९७१ रोजी साराभाई कोवळमला झोपेत गेले, थुंबापासून थोड्याच अंतरावर, बावन्नाव्या वर्षी. आणि १९७२ च्या जूनमध्ये अवकाशाचे वेगळे खाते निघाले. भाऊ विभक्त झाले, वाटण्या नीट झाल्या, भांडण काही नाही. ट्रॉम्बेची माणसे अणूत राहिली, बंगळुरूची आकाशात.

जगात मात्र त्या दोघांचा संसार एकत्रच चालला. रशियाने १९७० मध्ये चंद्रावर उतरवलेल्या लुनोखोद गाडीच्या पोटात पोलोनियमची शेगडी होती. दर रात्री ती झाकण मिटून बसायची आणि उजाडले की चालू लागायची, असे कितीतरी महिने. १९७७ ची दोन्ही व्हॉयेजर याने निघाली तेव्हा प्रत्येकावर प्लुटोनियमची सुमारे ४७० वॅट वीज होती, आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरला लागते तेवढी. ती आता निम्म्याच्या आसपास आली आहे आणि तेवढ्यावर ती सूर्याच्या अंमलाबाहेरून अजून निरोप पाठवतात. उलट बाजूही आहे. २४ जानेवारी १९७८ रोजी, भाभांच्या मृत्यूला बरोबर बारा वर्षे झाली त्या दिवशी, रशियाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस-९५४ उपग्रह कॅनडाच्या उत्तरेला कोसळला आणि बर्फावर किरणोत्सारी तुकडे विखुरले. कॅनडाने साठ लाख डॉलरचे बिल पाठवले, निम्म्यावर तडजोड झाली.

आपल्या यानांना या बाबतीत ऊनच पुरले, कारण ती उन्हातच फिरली. चंद्राच्या ध्रुवाजवळ पाय टेकायचे ठरले तेव्हा रात्रीचा प्रश्न आला, आणि विभक्त झालेल्या घरातली एक वस्तू पन्नास वर्षांनी दुसऱ्या घरात मागितली गेली. प्रयोग म्हणून, दोन नग, एकेक वॅटचे.

१७ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम त्या वाहक भागापासून सुटा झाला आणि खाली निघाला. वाहक वरच राहिला, दीडशे-एकशेसाठ किलोमीटर उंचीवर. सप्टेंबरातल्या त्या चौदा दिवसांच्या रात्रीत खाली विक्रम गोठत होता, आणि ट्रॉम्बेच्या त्या दोन शेगड्या आपली ऊब धरून दर दोन तासांनी एक अशा चंद्राभोवती फेऱ्या घालत होत्या.